मोठीमायची तीन लेकरं

१२ नोव्हेंबर, मंगळवार

यवतमाळहून दुपारी परत आलो. माझा मुलगा रवी तडक दुकानात गेला. सून मोनाली नयनला घेऊन आतल्या खोलीत आहे. माझी बायको, रवीची आई, ओट्यावर बसली आहे. एस.टी.त कंडक्टर होतो तेव्हा रोज दोन ओळी तरी लिहायचो. निवृत्त झाल्यावर सुटलं होतं. आज वाटलं, कुठेतरी लिहिलंच पाहिजे.

नयन माझी नात, चार वर्षांची. दिवाळीच्या आधीपासून तिची हातापायाची बोटं सुजत होती, पाय दुखतात म्हणून गडाबडा लोळायची. दारव्ह्यात औषधं झाली, शेक झाला. आज मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं. सिकलसेल. रक्तातला जन्मजात आजार. रोज गोळ्या घ्यायच्या, पाणी भरपूर प्यायचं, थंडी लागू द्यायची नाही. पुरता बरा होतो का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, सांभाळता येतो.

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा असा दोन्हीकडून उतरला तरच मूल आजारी पडतं. ज्याच्यात अर्धा असतो त्याला वाहक म्हणतात, त्याला स्वतःला काही होत नाही. म्हणून दोघांनी तपासून घ्या म्हणाल्या. मोनालीने तिथेच रक्त दिलं. रवी गाडी नीट लावून येतो म्हणून बाहेर गेला तो आलाच नाही.

बाईंनी मला विचारलं, तुमच्या घराण्यात लहानपणी मुलं दगावली आहेत का? सांधे दुखून, अंग पिवळं पडून? मी नाही म्हटलं. परतीच्या वाटेवर आठवलं, आमच्या घरात एक गोष्ट आहे. माझे वडील बळीराम, त्यांचे थोरले भाऊ सदू, म्हणजे आमचे मोठेबाबा. त्यांची पहिली बायको रुखमा. नात्याने माझी मोठीमाय. तिला तीन लेकरं झाली आणि तिन्ही गेली. गाव म्हणायचं, ती करणीची होती, पोटचीच खाल्ली. मग घरातली चांदी घेऊन कोणासोबत तरी पळाली. ही गोष्ट आम्हाला भीती घालायला सांगायचे.

घरी आल्या आल्या रवीची आई म्हणाली, "माह्या माहेरी असं कोणाले नाई. तुमच्याही घरात नाई. मंग हे आलं कुठून?" आणि तिने आतल्या खोलीकडे पाहिलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मोनालीचा रिपोर्ट आला. वाहक आहे. रवीची आई म्हणाली, "पाह्यलं?" एवढंच.

मोनालीने मला चहा दिला आणि तिथेच उभी राहिली. "बाबा, तुमी सांगा ना यायले. एकदा तपासून घेतलं तं काय होते?" म्हटलं, पाहू. रवीचं डोकं सध्या तापलेलं आहे. थोडं निवळलं की बोलीन. आणि नुसतं बोलून तो ऐकणारा नाही, त्याला पुरावा दाखवावा लागेल. मोठीमायची लेकरं याच आजाराने गेली असतील, तर तो मोठेबाबांच्या रक्तात होता आणि आपल्याही असणार. तेवढं शोधून काढलं की कोणाला बोलायला तोंड राहणार नाही.

मोठी ड्रॉईंगशीट आणली. डॉक्टरबाईंनी शिकवलं तसं, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. जो गेला त्याच्यावर तिरपी रेघ. बऱ्याच वर्षांनी हातात काहीतरी काम आल्यासारखं वाटतं आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

इंदूबाईकडे जाऊन आलो. माझी थोरली बहीण. आर्णी रस्त्याच्या आत तिचं गाव आहे. मोठीमाय गेली तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल. मोठीमायला पाहिलेलं आता हे एकच माणूस उरलं आहे.

आधी तिने तीच करणीची गोष्ट सांगितली. मी विचारलं, "लेकरं कशानं गेली ते आठवते का?"

"कशानं म्हंजे? तिनं खाल्ली."

"पण त्यायले होत काय होतं?"

ती बराच वेळ वातीचा कापूस वळत बसली. "मोठी पोरगी होती ते रडे लय. हातपाय धरू देत नव्हती. मी खेळाले गेली का म्हणे, माह्या हाताले हात नको लावू. बोटं अशी फुगलेली. डोळे हळदीवानी."

नयनच माझ्यासमोर उभी राहिली.

मग इंदूबाई उठली आणि पेटीतून एक फडकं आणलं. आत चांदीचे लहान मुलांचे वाळे होते. तीन जोड, तीन मापांचे. मी म्हटलं, हे कोणाचे? ती म्हणाली, "तिच्याच लेकरायचे. मायनं कणगीत लपवून ठेवलते. मरताना मले देल्ले. म्हणे, मोडजो नको, रुखमा आली तं तिले देजो."

आमच्याकडे लेकरू मोठं झालं की त्याचे वाळे सोनाराकडे जातात, मोडून दुसरं काही होतं. आम्हा भावंडांपैकी कोणाचेच वाळे शिल्लक नाहीत. हे मोडले नाहीत, कारण पाय वाढलेच नाहीत.

आणि चांदी घेऊन पळाली म्हणतात ती चांदी ही इथे. मी तसं म्हटलं तर इंदूबाई म्हणाली, "पळाली कुठं? हाकललं तिले. मी पाह्यलं ना. सदूमोठेबाबानं केस धरून बाहेर काढलं. आपल्या बापानं फाटक लावलं." माझ्या वडिलांचं नाव तिने किती सहज घेतलं. पुढे म्हणाली, "मंग सदूमोठेबाबानं दुसरी केली. तिले चार झाली, चारही दणकट. मंग लोक म्हणत, पाहा, खोट तिच्यातच होती."

ती कुठे गेली? "झरीकडं. तेंदूपत्ता तोडाले जाणाऱ्या बायायसंग."

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी विहारात जाऊन आलो. रवी आला नाही.

शीटवर आता मोठेबाबांच्या चौकोनाला दोन रेघा आहेत. एका रेघेखाली तीन खुणा, तिन्हींवर तिरपी रेघ. दुसरीखाली चार, चारही मोकळ्या. तीन लेकरांची नावं कोणालाच माहीत नाहीत. वंशावळ नावांची असते, पण इथे मला मोठ्या पोरीचा गोल सोडला तर चौकोन की गोल हेही ठरवता येत नाही.

मोठेबाबांच्या नातवाकडे परवा बारसं आहे. रवीची आई मोनालीला म्हणाली, "तू घरीच राह्य. तान्हं लेकरू हाय तिथं." नयनला थंडी लागेल म्हणून असेल. मी शीट घेऊन बसलो होतो, मोनालीने एकदा पाहिलं आणि आत गेली.

१४ डिसेंबर, शनिवार

लालसिंगचा फोन आला. पांढरकवड्याला माझ्यासोबत ड्युटीवर असायचा, आर्णीकडच्या तांड्यावरचा माणूस, झरीच्या रस्त्यावर जन्म काढला त्याने. मी त्याला रुखमाबाईचं सांगितलं होतं. तो म्हणाला, "धम्मरत्नभाऊ, गावली तुमची बाई. म्हंजे ते नाई, ते जाऊन लय वर्सं झाली. पण पोरगी हाय. मैनाबाई. झरीच्या पुढं कोलाम पोडावर, त्यायच्या वस्तीवर." मला इतका आनंद झाला की दोन वेळा त्याच्याकडून गाव विचारून घेतलं.

सांगायला आत गेलो तर मोनाली बॅग भरत होती. माहेरी आर्णीला जाते म्हणाली, थोडे दिवस. नयनच्या गोळ्या, रिपोर्ट, स्वेटर, सगळं घेतलं. छत्रीसुद्धा घेतली. मी विचारलं, थंडीत छत्री कशाला? ती म्हणाली, "राहू द्या बाबा." तिचे वडील जीप घेऊन आले होते, ते चहा न घेताच बाहेर उभे राहिले.

चार दिवस हवापालट होईल. तोपर्यंत माझं काम होतं.

२२ डिसेंबर, रविवार

झरीहून काल परत आलो. नीट लिहायचं आहे.

लालसिंग सोबत होता. शेवटचा रस्ता त्याच्या गाडीवर, दोन्हीकडे साग. मैनाबाई अंगणात तूर झोडत होती. माझ्याहून मोठी असेल, पण काटक. लालसिंगने माझी ओळख सांगितली. मी म्हटलं, तुमची आई रुखमाबाई, ती माझी मोठीमाय. ती काठी हातात तशीच धरून माझ्याकडे पाहत राहिली.

"दारव्ह्याकडचे?"

"हो."

"आता आले?"

तिने बाज टाकली, पाणी दिलं. सुनेशी ती कोलामीत काहीतरी बोलली, मला समजलं नाही. सून माझ्याकडे पाहून आत गेली.

मी फडकं उघडलं. मैनाबाईने वाळ्यांना लगेच हात लावला नाही. मग सगळ्यात लहान जोड उचलला आणि म्हणाली, "हे तान्हीचे." मोठा जोड उचलला. "हे चंद्रीचे. अन् हे भाऊरावचे."

मी म्हटलं, तुम्हाला नावं माहीत आहेत?

"काहून नाई माहीत? माह्या बहिणी-भाऊ हाय ते. माय म्हणे, तुमी पाच भावंडं. दोघं इथं, तिघं तिकडं मातीत. सणाले तिघायचा घास काढे. तान्हीचं नाव ठेवाचंच राह्यलं, म्हणून तान्हीच."

पंचवीस जणांना विचारून मला जे मिळालं नाही ते या बाईने तूर झोडता झोडता सांगितलं. मी खिशातून पेन काढलं, पण त्या वेळी लिहायची लाज वाटली.

मैनाबाई आणि तिचा भाऊ, दोघांनाही कधी असला त्रास झाला नाही. त्यांच्या वडिलांच्या रक्तात तो नसणार. मी तिला डॉक्टरबाईंसारखं समजावलं. मोठीमायकडे अर्धा होता, मोठेबाबांकडे अर्धा. दोघं एकमेकांशिवाय धड होते. ती इथे येऊन दोन निरोगी लेकरांची आई झाली आणि ते तिकडे चारांचे बाप. दोघं एकत्र आले की लेकराच्या वाट्याला दोन्ही अर्धे यायचे.

तिने विचारलं, "म्हंजे मायमंदी खोट नवती?"

"होती, पण अर्धी."

"अन् अर्धी कोणाची?"

"आमची."

तिने तान्हीचे वाळे तळहातावर घेतले. "हे तिले सांगाले पाह्यजे होतं. मरेपर्यंत विचारे, माह्या दुधातच इख होतं का वं मैना? मले पाजताना म्हणे तिनं पहिले बकरीच्या पिलाले पाजून पाह्यलं."

लालसिंग उठून बाहेर गेला.

निघताना तिने विचारलं, "तिले कोणी पाह्याले काहून नाई आलं? रस्ता तं तवाही होता." मी याच रस्त्याने कितीदा गाडी घेऊन गेलो असेन. या फाट्यावर मी माणसं उतरवली आहेत. मी म्हटलं, आम्हाला माहीत नव्हतं. तिने मान हलवली, पण ते तिला पटलं होतं असं नाही.

वाळे तिने ठेवून घेतले.

२८ डिसेंबर, शनिवार

आज जेवणं झाल्यावर शीट टेबलावर पसरली. रवीला बसवलं. सगळं सांगितलं, बोट ठेवून. चंद्री, भाऊराव, तान्ही. मला वाटलं होतं, बकरीच्या पिलाचं ऐकून तरी हा माणूस हलेल.

रवी म्हणाला, "बाबा, हा कागद कोणाले दाखवला का?"

"अजून नाही."

"दाखवू नका. लोक म्हणतीन घराण्यातच आहे."

"मग आहेच ना."

"मले काय झालं? मी धडधाकट आहे."

मी म्हटलं, मोठेबाबाही धडधाकट होते. त्याने गाडीची चावी उचलली.

मोनालीला फोन केला. तिच्या आईने घेतला. नयनला ताप आहे म्हणाल्या आणि ठेवला.

८ जानेवारी, बुधवार

रवी जात नाही तर मीच गेलो. यवतमाळला रक्त दिलं होतं, आज रिपोर्ट मिळाला. मी वाहक आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, मग मुलाकडे तुमच्याकडूनच आला असणार, त्याला पाठवा. मी हो म्हणालो. मी त्यांना सारखा हो म्हणतो.

खरं सांगायचं तर रिपोर्ट वाचून मला बरं वाटलं. आता कागद आहे, गोष्ट नाही. घरी आलो आणि रवीच्या आईपुढे ठेवला. म्हटलं, हे पाहा, माझ्यात आहे. मोनालीचं एकटीचं नाही.

तिने तो उलटासुलटा पाहिला. भाजी चिरता चिरता म्हणाली, "म्हंजे तुमच्या मायकडून आलं असन."

शीटवर माझ्या आईचा गोल आहे. तिने ते वाळे कणगीत जपले होते, आणि आता बोट तिच्याकडे वळलं. हा आजार बापांमधूनही खाली आला आहे हे मी किती जणांना, कसं सांगू? चौकोनावर कोणी बोट ठेवतच नाही.

१९ जानेवारी, रविवार

पुसदकडचे पाहुणे आले होते. मला वाटलं कोणी दुकानाच्या कामाने आलं असेल. पोहे झाले, चहा झाला, आणि मग कळलं की त्यांची मुलगी आहे, पहिल्या नवऱ्याने सोडलेली. रवी केस विंचरून बसला होता.

ते गेल्यावर मी रवीच्या आईला म्हटलं, हे काय चाललं आहे? फारकत झालेली नाही, काही नाही.

"होईन ना. पोरगं जवान हाय. दुसरी केली तं लेकरं चांगली होतीन. तुमीच तं सांगतलं, सदूमोठेबाबाची चारही दणकट झाली म्हणून."

हे मीच सांगितलं होतं. याच टेबलावर, बोट ठेवून.

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा घरात इतका ओरडलो असेन. म्हटलं, हे लग्न होऊ देणार नाही, तिला आणायला मी उद्या जातो. रवी शांतपणे म्हणाला, "बाबा, ते येत नाई म्हणून राह्यली. मी गेलतो का नाई विचारा तिले. आठ दिवसाआधी गेलतो. तपासून या, मंगच बोलू म्हणते. मी कायले तपासू?"

म्हणजे तिने एवढंच मागितलं होतं. मी त्याच्यासमोर उभा होतो. माझा मुलगा आहे, त्याच्या खांद्यापर्यंतही माझा हात जाईना.

२ फेब्रुवारी, रविवार

आर्णीहून आलो. मोनालीच्या वडिलांनीच फोन केला होता. नयनला दवाखान्यात ठेवलं आहे, यायचं असेल तर या, म्हणाले.

तिच्या हाताला सलाईन होती. चेहरा एवढासा झाला आहे, डोळे पिवळे. मोनालीने मला स्टूल दिलं. तिचे केस विस्कटले होते, पण आवाज माझ्याहून खणखणीत होता. डॉक्टर काय म्हणाले, किती रक्त चढवलं, कोणती गोळी सुरू आहे, सगळं तिने नीट सांगितलं.

मी तिला मोठीमायचं सांगितलं. झरी, मैनाबाई, तीन नावं, माझा रिपोर्ट. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. बकरीच्या पिलाचं सांगितलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता ती म्हणेल, बाबा, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलं.

ती म्हणाली, "तुमी एवढ्या दूर जाऊन विचारून आले, बाबा. घरातल्या घरात रवीले एकदा नाई सांगता आलं, पहिल्या दिवशी?"

"मला वाटलं, पुरावा पाहिजे."

"डॉक्टरबाईनं सांगतलंच होतं ना. तुमच्यासमोर."

वॉर्डात दुसऱ्या खाटेवरची बाई आमच्याकडे पाहत होती. मी म्हटलं, मी त्याला घेऊन येतो, काहीही करून आणतो.

"नका आणू. नयनले पाह्याले या, कवाही या, हे घर तुमचंच हाय. पण मले न्याले येऊ नका." तिने हे रागाने म्हटलं असतं तर मी काही उत्तर शोधलं असतं. तिने ते पाणी भरून ठेवता ठेवता म्हटलं, आणि चिठ्ठी घेऊन औषध आणायला खाली गेली.

तेवढ्यात नयन जागी झाली. मला पाहून हसली नाही. "आबाजी, पाय दाबा."

मी दाबू लागलो. काडीसारखा पाय, पोटरी गरम.

"घट्ट."

मी जरा जोराने दाबलं तर ती किंचाळली. मी हात काढला तर रडायला लागली, दाबा ना. हळू दाबलं की घट्ट म्हणायची, घट्ट दाबलं की रडायची. किती जोर लावला म्हणजे तिला बरं वाटेल, ते मला काही केल्या समजत नव्हतं. तिचं रडणं ऐकून नर्स दारापर्यंत आली आणि पाहून गेली. मी तसाच घाबरत घाबरत दाबत राहिलो, आणि नयन मान इकडून तिकडे करत आईला हाका मारत होती.

मोनाली आली. औषधाची पिशवी खाली ठेवली, माझा हात बाजूला केला आणि तिथे स्वतःचा ठेवला. तिने दाबलंही नाही, नुसता ठेवला. हळूहळू नयन गप्प झाली.

मी स्टूल मागे सरकवून बसलो.